झाकायचं काय?

मार्चअखेर दहावीचे पेपर तपासून संपले आणि आम्ही गाडी विकायचं ठरवलं. लेकीची बारावी झाली होती. पुढे तिला पुण्याला फार्मसीला पाठवायचं मनात होतं. फी, वसतिगृह, मेस असा हिशोब मांडला की बेरीज दर वेळी तिथेच यायची. दारात उभी असलेली 2013 ची पांढरी छोटी गाडी आठवड्यातून दोनदा चालायची. शाळेला मी स्कूटीवरच जाते. तेव्हा गाडी गेली तर अडणार नव्हतं, एवढंच.

पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलंही नाही आणि म्हणाला, "गाडी थकलेली दिसते." इंजिन चांगलं, टायर नवे, पत्र्याचा पांढरा रंगही ठीक होता. मग थकलेलं काय? तो गेल्यावर मी लांब उभी राहून पाहिलं आणि मला कळलं. आरशांची काळी टोपणं, दारांची हँडलं, दारांवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी आणि मागच्या बंपरचा खालचा भाग हे सगळं काळं प्लॅस्टिक राखेसारखं पांढुरकं झालं होतं. बोट फिरवलं तर बोटाला खडूसारखी भुकटी लागायची. सोलापूरच्या उन्हात अकरा वर्षं गाडी पत्र्याचं छप्परही नसलेल्या अंगणात उभी होती. ऊन माणसाला सोडत नाही, प्लॅस्टिकला काय सोडणार.

शिक्षकाला एक खोड असते, आधी वाचायचं. मी वाचलं. पट्टी काढून उलटी केली तर आत बारीक अक्षरांत ठसा होता: पीपी, ईपीडीएम, टी-20. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर आणि टी-20 चा क्रिकेटशी काही संबंध नाही. त्यात 20 टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी आहे. उन्हातली अतिनील किरणं या प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा तोडत राहतात. रंग उडतो असं आपण म्हणतो, पण खरं तर पृष्ठभागच मरतो. खालचं प्लॅस्टिक अजून काळंच असतं.

एवढं कळल्यावर मला वाटलं, मग अवघड काय आहे? काळा स्प्रे आणावा आणि मारावा. रंगाच्या दुकानातून मॅट काळ्या रंगाचे तीन डबे, मास्किंग टेप आणि चारशे व सहाशे नंबरचे वॉटर पेपर आणले. सगळे मिळून चौदाशे रुपये झाले. पती म्हणाले, "तू खडू धर, हे तुझं काम नाही." त्यांनी तसं म्हटलं नसतं तर कदाचित मी विचार बदललाही असता.

एप्रिलच्या एका रविवारी, घरचं आवरून, दुपारी बाराला मी गच्चीवर बसले. आरशांची टोपणं आणि पट्ट्या काढून आणल्या होत्या. हँडलं गाडीवरच ठेवून भोवती टेप आणि जुनी वर्तमानपत्रं लावली. पेपर घासला, ओल्या फडक्याने पुसलं आणि फवारा मारला. संध्याकाळी गाडी पाहून लेक म्हणाली, "अम्मी, नई दिखरी!" मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजेड तिरपा पडला होता, तेव्हा दोष दिसले. पट्टीवर रंग खरखरीत लागला होता, हात फिरवला की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटायचं. आरशाच्या टोपणावर बारीक बारीक गोल खड्डे होते, माशाच्या डोळ्यांसारखे. आणि वीस दिवसांनी गाडी धुवायला दिली तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली हँडलांवरचा रंग सालीसारखा निघून आला. धुणाऱ्या पोराने ती साल माझ्या हातात दिली. "मॅडम, हे निघालं," म्हणाला. जणू त्याचीच चूक होती.

माझ्या तिन्ही चुका मी इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. पहिली चूक वेळेची. भर उन्हात फवारलेला रंग प्लॅस्टिकवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि भुकटी होऊन बसतो. खरखर त्याची. रंग मारायचा तर सकाळी लवकर, सावलीत, वारा नसताना. दुसरी चूक सफाईची. आमचे हे दर ईदला गाडी धुऊन प्लॅस्टिकला चमक आणणारं पॉलिश लावायचे. त्यात सिलिकॉन असतं. ते साध्या पाण्याने जात नाही आणि जिथे त्याचा अंश उरतो तिथून रंग बाजूला सरकतो. माशाचे डोळे त्याचे. आधी साबणाने, मग मेण आणि तेल काढणाऱ्या द्रवाने दोनदा पुसायला हवं होतं, आणि तेही घासण्याच्या आधी. नाहीतर आपणच ते घासून आत भरतो. तिसरी चूक सर्वांत मोठी. पॉलिप्रोपिलीनला रंग मुळात धरतच नाही. त्याच्यावर आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो, जो प्लॅस्टिकलाही धरतो आणि रंगालाही. तो मी मारलाच नव्हता. दोन भाषांमध्ये दुभाषा न ठेवता मी संवाद करायला गेले होते आणि हाच तर माझा रोजचा धंदा. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवते.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत गाडी होटगी रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात नेली. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, भिंतीला टांगलेली बंपरं. बनियनवर आलेला एक दाढीवाला जवान मला पाहून थबकला आणि त्याने पटकन शर्ट चढवला. "अस्सलामु अलैकुम टीचर. पहचाने नै क्या?"

ओळखलं. नववीत होता. शेवटच्या बाकावर बसायचा. दहावीच्या आधीच शाळा सुटली. घरी वडील आजारी होते, धाकटी चार भावंडं होती. त्याच्या मराठीच्या वहीवर मी लाल शाईने 'अक्षर सुधार' लिहायचे, इतक्या वेळा की पुढे पुढे नुसतं 'अ. सु.' लिहायचे. शाळा सोडल्यावर त्याच्या घरी एकदा जाऊन यायला हवं होतं. जायचं ठरवलं होतं. गेले नाही.

त्याने माझं काम पाहिलं, नखाने एक साल काढली आणि काही बोलला नाही. विद्यार्थ्याने शिक्षिकेला दिलेला तो सर्वांत मोठा मान होता.

मग त्याने समजावलं. प्रत्येक भागासाठी एकच उपाय नाही. आरशाची टोपणं आणि हँडलं पायावर नीट काम केलं तर घरीही होतात. लहान असतात, काढता येतात, चुकलं तर फार दिसत नाही. दाणेदार पोत असलेल्या पट्ट्यांवर रंगाचे जाड हात दिले की दाणे बुजतात आणि प्लॅस्टिक पत्र्यासारखं गुळगुळीत, खोटं दिसतं. तिथे पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. पट्टी फारच गेली असेल तर रंगावर खर्च न करता नवी पट्टी घेणं बरं. आणि जिथे गाडीच्या रंगाशी रंग जुळवायचा असेल, म्हणजे बंपरचा वरचा भाग, तिथे घरचा डबा चालत नाही. पांढरादेखील एक नसतो, टीचर, म्हणाला; गाडीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो बघून मिसळावा लागतो आणि तरी अकरा वर्षांच्या उन्हाचा हिशोब डोळ्याने करावा लागतो. सगळ्याचे साडेचार हजार सांगितले. मी म्हटलं, "टीचर म्हणून कमी करू नकोस." "कम करकोच बोला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "टीचर, जरा आते क्या?"

मागचं बंपर काढून ठेवलं होतं. खालच्या काळ्या भागात डाव्या कोपऱ्याला वीतभर चीर होती, इतकी वर्षं चिखलाखाली लपलेली. आणि बंपरच्या मागे, डिकीखालच्या पत्र्याला घडी पडलेली होती. ठोकून सरळ केलेली, वर लांबी भरलेली आणि कडेला गंज धरू लागलेली. मला आठवलं. 2019 मध्ये उभ्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली होती. आम्ही विम्याच्या भानगडीत न पडता जवळच दोन दिवसांत काम करून घेतलं आणि विसरलो. विसरलो म्हणजे, आठवायची गरज पडली नाही.

त्याने विचारलं, "चीर आतून वेल्डिंग करूं? रंग मारे के बाद अल्ला कसम किसकूच नै दिखेगा. पत्रे का गंज बी घिसको मारतूं. पन एक बात पूछूं? आप गाडी बेचरे ना. लेनेवाले कू बताना है क्या झाकना है? झाकना हैगा तो वैसा करतूं, बताना हैगा तो फोटो निकालको रखो."

प्लॅस्टिकचं वेल्डिंग म्हणजे गरम लोखंडी टोकाने त्याच जातीच्या प्लॅस्टिकची काडी वितळवून चीर आतून सांधायची. चांगलं केलं तर बंपर पुन्हा मजबूत होतं, त्यात फसवणूक काही नाही. पण घडी पडलेला पत्रा हे वेगळं. त्याला बाजारात एक शब्द आहे, 'ॲक्सिडेंटल', आणि त्या एका शब्दाने गाडीचा भाव खाली येतो.

घरी विषय काढला. पती म्हणाले, "विचारलं तर सांगू. आपण होऊन कशाला?" ते खोटं बोलणारे नाहीत, हे आधी सांगते. पण हिशोबाची वही समोर उघडी होती आणि त्यांचं बोलणं ऐकून मलाही हलकं वाटलं, हेही सांगते. विचारलं तर सांगू. किती सोयीचं वाक्य आहे. उत्तराची सगळी जबाबदारी प्रश्न न विचारणाऱ्यावर.

रात्री अब्बा आठवले. अब्बा धान्याच्या पेठेत दिवाणजी होते. पोत्याच्या तोंडाशी मंगळवेढ्याची टपोरी ज्वारी आणि खाली किडकी, हा प्रकार त्यांनी रोज पाहिलेला. ते मला लहानपणी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायला लावायचे. वरची मूठ आणि खालची मूठ शेजारी शेजारी धरायची. दोन्ही सारख्या दिसल्या तर माल खरा. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. अब्बा ती मशिदीत ऐकायचे आणि पेठेत वापरायचे. "ऐब बताकर बेचो, बरकत उसी में है," एवढंच म्हणायचे. बरकतीचं मला ठाऊक नाही. पण मी दरवर्षी आठवीला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला देते आणि दहापैकी गुण देते, हे मला ठाऊक होतं. आणि ज्या मुलाला त्या निबंधात मी चार गुण दिले असतील त्याने आज मला तो प्रश्न विचारला होता.

सकाळी मी गॅरेजात गेले आणि फोनवर फोटो काढले. चीर, घडी, गंज, सगळं. मग म्हटलं, "आता रंग मार."

तो रंग मारताना मी बाजूला उभी राहिले. सफाई, घासणं, पुन्हा सफाई, मग तो पारदर्शक प्रायमर, मग रंग. गन प्लॅस्टिकपासून एकाच अंतरावर सरळ रेषेत जायची, मनगट वळायचं नाही, फवारा कडेच्या आधी सुरू आणि कडेनंतर बंद, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. माझा हात गच्चीवर झोपाळ्यासारखा गोल फिरला होता. त्याचं अक्षर सुधारलं होतं, फक्त कागदावर नाही.

पण मला दुसरंच दिसलं. गाडीच्या काचा, दिवे, नंबरप्लेट सगळं त्याने कागद आणि टेपने मन लावून झाकलं होतं. स्वतःच्या तोंडावर मात्र नुसता रुमाल. आणि शेजारी डबे कालवणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, त्याच्या तोंडावर तेही नव्हतं.

हार्डनरचा डबा उचलून मी वाचू लागले. गॅरेजातला पक्का रंग दोन भागांचा असतो. एक रंग, दुसरा हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो, म्हणून तो माझ्या डब्यातल्या रंगापेक्षा कितीतरी टिकतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवाऱ्याच्या धुक्यातून ते श्वासात गेलं तर दमा होऊ शकतो. आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की नंतर अगदी थोड्या अंशानेही दम लागतो. मग ते काम कायमचं सोडावं लागतं. वासावर भरवसा ठेवता येत नाही, कारण वास यायच्या आतच ते घातक पातळीला असू शकतं. रुमालाने, साध्या मास्कने ते अडत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला; ते शक्य नसेल तर निदान दोन्ही बाजूंना कोळशाची काडतुसं आणि पुढे गाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा आणि ती काडतुसं वेळोवेळी बदलायला हवीत. हातात मोजेही हवेत, कारण ते कातडीतूनही त्रास देतं.

डब्यावर यातलं बरंच लिहिलेलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत.

"हे वाचलंस कधी?" मी विचारलं.

"चित्र है ना टीचर. कवटी का," तो हसला. "आगे अंग्रेजी है."

आमचे नाना सोलापूरच्या गिरणीत होते. शेवटची काही वर्षं ते आडवे होऊ शकायचे नाहीत, भिंतीला उशी लावून बसून झोपायचे. कापसाच्या धुळीने फुप्फुसं जातात, हे घरात कोणाला माहीत नव्हतं. गिरणीत कोणाला तरी माहीत असेलच. कुठेतरी लिहिलेलंही असेल, नानांना वाचता न येणाऱ्या भाषेत.

त्या रात्री मी दोन कार्डशीट घेतली. एकावर उर्दूत, एकावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलं: हार्डनरचा रंग मारताना काय घालायचं, काय उघडं ठेवायचं नाही, काडतूस कधी बदलायचं, पोराला फवाऱ्याच्या वेळी शेडबाहेर का पाठवायचं, हात थिनरने का धुवायचे नाहीत, छातीत घट्ट वाटलं तर डॉक्टरला काय सांगायचं. दहा ओळी. वीस वर्षांत मी पुष्कळ धडे शिकवले, पण कोणाच्या श्वासाशी गाठ असलेला हा पहिलाच. मास्क मी आणून दिला. तो पैसे देऊ लागला तेव्हा म्हटलं, "तू बिल कमी केलंस, त्यातले आहेत." शेवटी बिल घेतलं तेव्हा बंपरचं वेल्डिंग धरून साडेपाच हजार झालं होतं.

गाडी देखणी झाली. अक्कलकोटकडचे एक कारकून बायको-मुलांसह पाहायला आले. त्यांना पसंत पडली. चहा झाल्यावर मी फोन काढला आणि फोटो दाखवले. खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी बारा हजार कमी केले. माझ्या हिशोबात ते लेकीच्या मेसचे चार महिने होते. पतींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते लोक गाडी घेऊन गेल्यावरही त्या दिवशी आमच्यात फारसं बोलणं झालं नाही. प्रामाणिकपणाने मन हलकं होतं असं मीही मुलांना लिहून देत आले आहे. त्या संध्याकाळी तरी मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बारा हजार गेल्याचं वाटलं. ते खरं आहे म्हणून लिहिते.

महिन्याभराने त्या कारकुनांचा फोन आला, पत्र्याचा गंज कुठे आणि कसा पाहून घ्यावा ते विचारायला. मी गॅरेजचा पत्ता दिला. पती पलीकडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर हा फोन वेगळा आला असता."

होटगी रोडने जाताना मी अजून शेडमध्ये डोकावते. कधी मास्क तोंडावर असतो, कधी गळ्यात. "गरमी होती टीचर," म्हणतो. जूनमध्ये पत्र्याखाली होतच असेल. पण फवाऱ्याच्या वेळी पोरगा बाहेर बसलेला असतो, हे मी दोन-तीनदा पाहिलं. गेल्या आठवड्यात त्याने मला हाक मारून थांबवलं.

"टीचर, वो मराठीवाला कागद और एक लिखको देते क्या? बाजूवाले कू होना."

आता ते कार्ड मी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिते आहे.